कसायाचे हातमोजे

इंजिनाचा शेवटचा भाग पांढऱ्या चादरीवर मांडून झाला आणि मुख्य इंजिनिअर मिस्टर प्रॉथेरोंनी हातातलं भिंग खिशात टाकलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एबल क्लीव्ह टोपी हातात घेऊन उभा होता. कारखान्याची रीतच तशी. नवी गाडी फ्रान्सच्या वाईटात वाईट रस्त्यांवर पिटाळायची, परत आणून पार खोलायची, आणि ज्यानं पिटाळली त्यानं टोपी काढून निकाल ऐकायचा. एबलला सगळं कोव्हेंट्री शहर कसाई म्हणत असे. त्याच्या हाताखालून आलेल्या गाडीचा आस वाकलेला असायचा, स्प्रिंगा तुटलेल्या असायच्या. पगारच त्यासाठी होता. जे तुटायचं ते इथं तुटावं, गिऱ्हाइकाच्या बायकापोरांना घेऊन जाताना तुटू नये.

या खेपेला चादरीवर तुटकं असं काहीच नव्हतं. सगळे भाग सराफाच्या दुकानात मांडल्यासारखे चकाकत होते. फिटर विल्फ गार्साईड तर हरखून गेला होता.

"काय पोलाद आहे, साहेब! एक ओरखडा नाही!"

"पोलादाचं कौतुक मला सांगू नकोस," प्रॉथेरो म्हणाले. "एबल, तू हिला मारलंच नाहीस."

एबलनं मान खाली घातली. "नाही मारवलं, साहेब."

"का?"

"ओर्लेआंच्या अलीकडं एका गावात भर रस्त्यात बदकं झोपली होती. मी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. एक बदक उठलं नाही, साहेब. मलाच वाटलं, इंजिन बंद पडलं. उतरून बॉनेटवर हात ठेवला, तर आत चालू! त्या दिवसापासून खड्डा दिसला की माझे हात आपले आपणच वळायला लागले."

"आणि म्हणे कसाई!" विल्फ पुटपुटला.

प्रॉथेरो हसले नाहीत. ही गाडी त्यांनी वर्षानुवर्षं कागदावर घडवली होती. चालवली मात्र कधीच नव्हती. मुख्य इंजिनिअरनं टेस्टच्या गाडीला हात लावायचा नाही, हाही तिथला रिवाजच.

"उद्या हीच गाडी सहा माणसं घेऊन आल्प्सचा घाट उतरेल," ते म्हणाले. "तेव्हा काय तुटेल ते मला आज कळायला हवं होतं. हातमोजे काढ."

हातमोजे काढून घेतले म्हणजे टेस्टरची नोकरी गेली, हे तिथं कोणाला समजावून सांगावं लागत नसे. बाहेर मंदी होती, फाटकाशी रोज कामासाठी माणसं ताटकळत उभी असत. एबलला गाड्या चालवण्यापलीकडं काही येत नव्हतं. त्यानं हातमोजे काढले आणि चादरीच्या कडेला ठेवले.

"गाडी जोडून होईपर्यंत थांब. जुन्या खाणीच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर मी स्वतः नेतो हिला. गाडी कशी मारतात ते बघ, आणि मग जा घरी."

गाडी पुन्हा जोडली गेली. बॉडी ओबडधोबड फळ्यांची, सीटवर माणसांऐवजी वाळूच्या गोण्या. कुठल्या ड्यूकनं तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एबलचे हातमोजे चढवून प्रॉथेरोंनी ती सुरू केली, आणि सगळ्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून दाराशी आली. आवाजच नव्हता. तो नसलेला आवाज ऐकायला सगळे श्वास रोखून उभे होते. नोकरी गेलेल्या एबलच्याही अंगावर काटा आला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यानं नकळत टोपी काढली.

चहाच्या वेळेपर्यंत ती परतायला हवी होती. चहा झाला, भोंगा झाला, शेड रिकामी झाली. एबल बाकावर बसून राहिला, सोबतीला विल्फ थांबला. त्याला नोकरीपेक्षा गाडीचीच काळजी लागली होती.

दिवे लागता लागता विल्फनं सहज वळून पाहिलं, तर गाडी दारात उभी. आली कधी, ते दोघांनाही कळलं नव्हतं. विल्फ कंदील घेऊन खाली वाकला. आस सरळ होता. स्प्रिंगा शाबूत होत्या. मागच्या एकाही गोणीची शिवण उसवली नव्हती.

"खाणीतूनसुद्धा धड आली!" तो ओरडला. "मी म्हणत नव्हतो, पोलादच आहे तसं?"

प्रॉथेरो उतरले. त्यांची पँट गुडघ्यांपर्यंत चिखलानं माखली होती आणि एका ढोपरावर फाटली होती. त्यांनी हातमोजे काढून एबलच्या हातात दिले आणि त्याच्याकडं न बघता गाडीकडं बघत राहिले.

एबलनं हातमोजे कंदिलापाशी धरले. बोटांची टोकं फाटली होती. तळव्यांत दगडाची भुकटी घासून बसली होती. स्टिअरिंग धरून हातमोज्यांचं असं होत नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "रस्त्यातले दगड तुम्ही हातानं बाजूला केलेत?"

"मोठे तेवढेच," प्रॉथेरो म्हणाले. "घाल ते हातमोजे. उद्या दोघं जाऊ. आधी दगड होते तिथं परत ठेवू."