चार वाजताच्या लाह्या

"मक्याच्या लाह्या खोड," अमिनिएली म्हणाला. "चार वाजता चहा मिळाला की पुरे. पाहुणा काय लग्नाला चाललाय?"

आइकांडेने यादीतून लाह्या खोडल्या. मारंगूच्या बाजारामागे तिचं डोंगरसहलींचं छोटं ऑफिस होतं. समोर बसलेला अमिनिएली तिचा बाप, एकतीस वर्षं किलिमांजारोवर ओझी वाहिलेला हमाल. एका पाहुण्याच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, सात दिवसांच्या चढाईचा खर्च पंचवीस लाख शिलिंगांत बसवायचा होता, वर एक शिलिंग नाही. उद्यानाची फी मी भरलीय, ती ओळ सोडून बोला, असं तिने आधीच बजावलं होतं.

म्हातारा हात धुऊन पाहुण्याच्या मागे लागला. डब्यातला अननस गेला, गरम पाण्याची रबरी पिशवी गेली, दुसरी उशी गेली. होरोंबोच्या तळावर एक रात्र जास्त कशाला, असं त्याने विचारलं. पाहुणा वयस्कर आहे, आइकांडे म्हणाली. मग घरी केळी राखत बसावं की, असं पुटपुटून त्याने ती रात्र ठेवली. उंची अंगाला सोसायला वेळ लागतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? हमालांच्या मजुरीला आणि त्यांच्या उगालीला, मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याला, मात्र त्याने हात लावू दिला नाही.

शेवटी वाचलेल्या पैशांत आणखी एक हमाल बसत होता. म्हातारा त्यासाठीच झटत होता. दोन वर्षांत त्याला कोणी कामावर घेतलं नव्हतं.

"मला घे," तो म्हणाला. "किबोपर्यंत. एकदाच."

किबो हा शेवटचा तळ. हमाल तिथे ओझं उतरवतात आणि थांबतात. पुढे शिखरावर जातो तो फक्त वाटाड्या आणि त्याचा पाहुणा. अमिनिएली एकतीस वर्षं तिथूनच मागे फिरला होता.

"वर काय आहे ते बघावंसं नाही वाटलं कधी?" आइकांडेने विचारलं.

"बर्फ आहे. बर्फ काय चुलीवर शिजवायचाय?" असं म्हणून त्याने हिशेबाचा कागद जरा घाईनेच तिच्याकडे सरकवला.

आधी डॉक्टरला दाखवा, मग बघू, एवढंच ती म्हणाली. म्हातारा दुसऱ्याच दिवशी इस्पितळात जाऊन आला आणि छाती ठणठणीत असल्याचं त्याने अख्ख्या बाजाराला ऐकवलं. पाठोपाठ तिने बूट आणून दिले. कोणी पाहुणा सोडून गेलाय, म्हणाली. ते पायात अगदी बेतून शिवल्यासारखे बसले. मग काय, पुढचे आठ दिवस म्हातारा डोक्यावर मक्याचं पोतं घेऊन केळीच्या बागांमधून चढ-उतार करत होता. इतक्या आनंदात त्याला बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी उद्यानाच्या फाटकाशी ओझी काट्यावर चढली. वीस किलोच्या वर एक छटाकही चालत नाही. गॉडलिसन हा वाटाड्या, पण डोक्यावर ओझं कसं तोलायचं ते तो अमिनिएलीकडूनच शिकला होता. त्याने हमालांची नावं वाचली. सात नावं झाली आणि त्याने कागद मिटला.

"पुन्हा वाच," अमिनिएली हळूच म्हणाला. त्याच्या डोक्यावर गाठोडं तसंच होतं.

गॉडलिसनने पुन्हा वाचली. तीच सात.

 ज्या पोरांना शिकवलं त्यांच्यासमोर म्हाताऱ्याला डोळे पुसायचे नव्हते, म्हणून तो लेकीकडे वळला. "बाप म्हातारा झालाय, असं तोंडावर सांगायचंस, पोरी. बूट कशाला दिलेस?"

 आइकांडेने फाटकाच्या खिडकीतून जाड वही घेतली, त्याच्यापुढे धरली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"ही पाहुण्यांची वही आहे," तो म्हणाला. "हमालांची दुसरी असते."

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ तिच्याच अक्षरात भरलेली होती, फक्त सही राहिली होती. नाव अमिनिएली तारिमो. वय चौसष्ट. व्यवसाय हमाल. कुठपर्यंत जाणार: शिखर.

गॉडलिसनने पुढे होऊन त्याच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. "लाह्या तुम्हीच खोडल्यात, बाबा. चार वाजता मागायच्या नाहीत."