पोरांच्या मापाचं

आपल्या दिवाणखान्यात कपातला चमचा किणकिणवत आमदारांनी विचारलं.

"मावशी, चौथ्यांदा तेच? लाइफ जॅकेटं असतात की प्रत्येक बोटीत!"

"मोठ्यांच्या मापाची. पोरांच्या मापाचं कायद्यात लिहा," वैदेहीच्या सासूबाई म्हणाल्या. तारकर्लीला त्या पर्यटकांची बोट चालवत. मे महिन्यात पाण्यात पडलेलं एक पोर जॅकेटातून निसटलं, तेव्हा साठीच्या सासूबाईंनीच उडी घेऊन त्याला वर काढलं होतं.

आमदार हसले. सासूबाईंनी वैदेहीशेजारी बसलेल्या नातीला बोटीतलं नारिंगी जॅकेट चढवलं, पट्टे करकचून आवळले, अन् जॅकेटचे खांदे धरून वर उचललं. जॅकेट हातात आलं, पोरगी फरशीवरच उभी.

आमदारांचं हसू मावळलं. "द्या ते इकडे. अधिवेशनात मीच दाखवतो."

वैदेहीनं सासूबाईंना मनोमन हात जोडले. तेवढ्यात लेकीनं तिचा पदर ओढला. "आई, खाली फरशी नसती तर?"