उंबराचा ओंडका

साल त्रेचाळीस. कृष्णेच्या पुरातून जो जे काढील ते त्याचं, असा आमच्या गावचा रिवाज. त्यामुळे पोहण्यात लालासाहेब मोठा की आकाराम, हा जुना वादही पुरातच मिटवायचं ठरलं. जिंकेल त्याला मानाचा फेटा.

दोघांनी एकदमच उड्या घेतल्या. उंबराचा भला थोरला ओंडका ओढत लालासाहेब आधी काठाला लागला. मागून आकारामानं एक वाहतं छप्पर आणलं. छपरावर लालासाहेबाची आई अंबूबाई बसली होती.

"आवं, ह्या लालाला लय हाका मारल्या," ती पंचांना म्हणाली. "तर म्हणला, आये, दम धर, शर्यत चाललीया."

पंच गहिवरले. आईच्या हाकेनंही ज्याचा हात थांबत नाही तोच मोठा, असा निकाल देऊन त्यांनी लालासाहेबाला फेटा बांधला.

"चल आये, घरला," फेटा सावरत लालासाहेब म्हणाला.

"घर आकारामाचं झालं की रं," अंबूबाई छपरावरूनच बोलली. "रिवाजानं मीबी त्याचीच. तुज्या वाटणीला उंबर आलाय, त्याला आये म्हण."