डाव्या हाताचा हिरो

"हा तो पिच्चरच नाही," खेमाजी म्हणाले. अजून नुसती नावंच येत होती.

त्यांच्या नातीचं, निकिताचं तोंड एवढंसं झालं. आजोबांचा हा जुना काळा-पांढरा पिच्चर शोधण्यात पोरीनं कॉलेजची सगळी सुट्टी घातली होती. शेवटी कुठूनतरी मोबाईलवर मिळवला, वाशीमच्या घरातल्या टीव्हीला जोडला, आणि नेमके आज कोर्टाच्या तारखेला आलेले दौलतरावही चहाला थांबले. तिला वाटलं, बरंच झालं. दौलतराव आणि खेमाजी दोघंही कामरगावचे, एकाच वयाचे, आणि दोघांचाही जन्मातला सगळ्यात आवडता पिच्चर हाच. पोरपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला.

"त्याची नावं उर्दूत होती," खेमाजी अडून बसले. "हे तर आपल्यासारखंच लिहेल हाय."

दौलतराव सोफ्यावर ऐसपैस बसले होते, बरोबर टीव्हीसमोर. पाहुणा म्हणून खेमाजींच्या मुलानं, संघदीपनं, ती जागा त्यांना दिली होती. ते नुसते गालात हसले.

हिरो डाव्या हाताचा, की उजव्या, ह्यावर दोघांचं गावच्या एसटी स्टँडवर कायम वाजायचं. खेमाजींना त्या हाताचं फार. ते स्वतः डावखुरे. मास्तरनं त्या हातावर छड्या ओढल्या होत्या, आईनं तोच हात पाठीशी बांधून जेवू घातलं होतं. मग तंबूत हिरोनं डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली आणि ह्या पोराची मान वर झाली ती झाली. पुढं नात डावखुरी निघाली. सून विजयमाला तिचा चमचा उजव्या हातात कोंबायची, तेव्हा म्हातारा असा उखडला की घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. हिरो डाव्या हातानं जेवतो, तर माही नात काहून नाही? निकिता त्या हिरोच्या जोरावर वाढली. आज तिला तो हात पाहायचा होता, बस्स.

आणि तो प्रसंग आला. मालकाचं कोठार, दाराला भलंमोठं कुलूप. हिरोनं सदऱ्याची बाही वर सारली आणि कुऱ्हाड उचलली. उजव्या हातानं.

निकितानं मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा उजवाच.

खेमाजी खवळले. मोबाईलवाल्यांनी नासवला म्हणाले, नकली आहे म्हणाले, बंद कर ते आधी. आवाज इतका चढला की विजयमाला हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली. संघदीप त्यांना खाली बसवायला गेला तर त्याचा हात झटकून टाकला.

आता मात्र दौलतरावांना हसू आवरेना. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"काय बे खेमा, तू तर पडद्यामांगं बसला होता ना लेका. तिकडून सारं उलटंच दिसे."

दौलतरावांना वाटलं, पोरांना समजलं नसेल. म्हणून त्यांनी नीट फोड करून सांगितलं. तंबूच्या मधात पडद्याचं कापड. मशीन ह्या बाजूला, सारा गाव ह्या बाजूला. खेमाच्या मोहल्ल्यातली माणसं पलीकडे, मागची कनात उचलून आत सोडलेली. त्यांना उजव्याचा डावा दिसायचा आणि अक्षरं उलटी. उर्दू कसली डोंबलाची! हे सांगताना माणसाला काही वाटावं की नाही? चहात बिस्कीट बुडवत सांगत होते. जमाना तसा होता, म्हणाले, आणि बिस्कीट तोंडात टाकलं.

मागं बसवलं होतं, हे खेमाजींना ठाऊकच होतं. ते कोण विसरेल? तिकीट मात्र सारखंच घेतलं होतं. पण कापड एकच, पिच्चर एकच. निदान तो तरी आपल्याला गावासारखाच दिसला, असं ते आजवर धरून चालले होते. तेवढंसुद्धा खरं नव्हतं. ते दौलतरावांकडे वळले.

"तुमाले मालूम होतं?"

"साऱ्याईलेच मालूम होतं."

"मंग इतली वर्सं चारचौघात माह्यासंग वाद काहून घातला?"

"मजा ये रे," दौलतराव म्हणाले. "तू चिडे ना."

संघदीप जागचा उठला. खेमाजींनी त्याला डोळ्यानंच थांबवलं.

निकिताला रडू फुटत होतं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. तिनं मोबाईल उचलला. चित्र फिरवता येतं आबा, म्हणाली, मी डावा हात करून देते, तुमचा होता अगदी तसा.

"नाही," खेमाजी म्हणाले. "साठ वर्सं उलटाच पाह्यला. आता पह्यल्यापासून लाव. सुलटा."

कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी स्वतः उचलली. सोफा आणि टीव्ही यांच्या बरोबर मधोमध, टीव्हीपासून हातभर अंतरावर आदळली आणि तिच्यावर ताठ बसले. पिच्चर पुन्हा सुरू झाला. नावं आली. ते एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले.

दौलतरावांनी एका अंगानं मान काढून पाहिलं, मग दुसऱ्या अंगानं. मग थोडं खाकरले.

"अरे खेमा, सरक ना जरासा. मले काईच दिसून नाही राह्यलं."

खेमाजींनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आयकू येऊन राह्यलं ना, दौलत? मंग बस."