निळे दाणे

"जीभ निळी दिसली, तेव्हा कळलं आम्हाला," मुख्याध्यापक सांगत होते. "तोवर पोरानं मूठभर गिळले होते."

नव्या बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. नोकरीचा पहिला दिवस, पहिला तास अजून व्हायचाय, आणि ऐकायला हे असलं. शेतीचे आधीचे सर का गेले, एवढंच तर तिनं विचारलं होतं.

"मग?"

"वाचला. डॉक्टर समोरच्याच गल्लीत आहेत म्हणून. सरांनी मात्र पुन्हा खडू हातात धरला नाही." मुख्याध्यापकांनी कोठीची किल्ली तिच्यासमोर सरकवली. "पेरायचे शेंगदाणे आत आहेत, औषध लावलेले. जमिनीत बुरशी लागत नाही त्यानं, पण पोटात गेलं तर संपलंच. निळा रंग मुद्दाम देतात, कुणी खाऊ नये म्हणून. पण पोरांना रंगाचं काय हो?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि किल्ली उचलली.

आता ही मुलगी मुळातच घाबरट. शेतीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली, नुसतं पान बघून झाडाचा रोग सांगायची, पण चार जणांसमोर उभं राहायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून पळायची. भाऊ तिला भित्री भागूबाईच म्हणायचा. सकाळी निघतानासुद्धा म्हणाला, "पोरं वर्गात आली की तूच बाकाखाली लपू नकोस म्हणजे झालं." आईनं त्याला दटावलं आणि हिच्या कोटाच्या खिशात वर्तमानपत्राची एक पुडी कोंबली. भाजलेले शेंगदाणे. घाबरली की हिला तोंडात टाकायला काहीतरी लागायचंच. परीक्षेला जाताना पेन विसरेल, पण दाणे नाही.

कोठीला खिडकी नव्हती. एक मिणमिणता दिवा आणि नाकात बसणारा औषधाचा वास. पण तिनं सगळं अगदी नियमानं केलं. आधी खिशातली आईची पुडी काढून टेबलाच्या पार टोकाला ठेवली, औषधाचा हात लागायला नको म्हणून. मग हातमोजे घातले. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे करून प्रत्येक मुलासाठी एकेक पुडी बांधली, ट्रेमध्ये रचली. शेवटी हातमोजे काढून साबणानं खसाखसा हात धुतले.

"बाई, झालं का?"

मुख्याध्यापकांचा आवाज दारातून आला आणि ती इतकी दचकली, की कोपर लागून ट्रे कलंडला. टेबलभर पुड्याच पुड्या. "झालं, झालं, आलेच," म्हणत तिनं भराभर सगळ्या गोळा केल्या, आपली खिशात टाकली आणि ट्रे घेऊन धावत सुटली.

शाळेच्या मागं वाफे तयार होते. मुलं हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून रांगेत उभी. बाईंनी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खोकल्याचं निमित्त करून तिनं पाठ फिरवली, खिशात हात घालून पुडी चाचपूनच उघडली आणि न बघता दोन दाणे तोंडात टाकले. मग आणखी दोन. आईची आज फारच घाई झाली असणार. दाणे कच्चट लागत होते, मिठाचा तर पत्ताच नव्हता, आणि मागून काहीतरी कडवट. पण भीतीनं तोंड सकाळपासून कडूच पडलं होतं.

"बाई, खारूताईला पुढं घ्या," एक मुलगी ओरडली. "ती काहीही खाते. खोडरबरपण खाल्लंय तिनं."

"एकदाच," खारूताई म्हणाली. दोन शेपट्या, गाल सतत हलते.

सगळे हसले. बाईंना हसू येईना. "नीट ऐका. हे दाणे विषारी आहेत. एका खड्ड्यात एक दाणा. आणि तोंडात?"

"एकही नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

पेरणी सुरू झाली. बाई या वाफ्यावरून त्या वाफ्यावर, मधूनच पाठ फिरवायची, दाणा टाकायची, पुन्हा पुढं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

शेवटच्या वाफ्यात खारूताई उकिडवी बसली होती. समोरचे खड्डे रिकामे. पुडीचा कागद चोळामोळा. आणि गाल फुगलेला.

"दाणे कुठायत?"

खारूताईनं घाईघाईनं गिळलं.

बाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं पोरीला उचललं आणि ऑफिसकडं पळत सुटली. "डॉक्टरांना बोलवा. हिनं खाल्ले. सर, हिनं खाल्ले हो." शिपाई धावला. बाईंना दरदरून घाम फुटला होता, पोटात पीळ पडत होता, तोंडाला सारखी लाळ सुटत होती, आणि डोक्यात एकच: पोरगी वाचू दे, नोकरी गेली तर जाऊ दे.

मुख्याध्यापकांनी खारूताईला टेबलावर बसवलं. "आ कर. जीभ बाहेर काढ."

तिनं काढली. त्यांनी तिला उजेडाकडं वळवलं. रुमालानं जीभ पुसली, रुमाल बघितला.

"बाई, काहीच नाहीये. स्वच्छ आहे."

"निळे नव्हतेच ते," खारूताई हुंदके देत म्हणाली. "सगळ्यांचे निळे होते, माझेच साधे. भाजलेले. म्हणून खाल्ले."

"भाजलेले?"

"आणि खारे."

मुख्याध्यापक खुर्चीत मटकन बसले आणि हसायलाच लागले. "भाजलेले, खारे म्हणे. अहो बाई, पहिल्याच दिवशी जीव घ्याल कुणाचा तरी."

बाई हसली नाही. तिचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं.

खारूताई रडायची थांबली. मान तिरकी करून ती बाईंच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमची निळी आहे."