चार बोटं

गवत कापायचं पातं खाली आणण्याचा दांडा विक्रेत्याने दाखवला, तर सुनेने तो लगेच स्वतः ओढून पाहिला. पातं खाली आलं. तिने वर घेतलं, पुन्हा खाली आणलं. आयुष्यात कधी स्कूटरसुद्धा न चालवलेली बाई, पण घासाघीस अशी करत होती की विक्रेत्याच्या कपाळावर घाम आला.

सासरा तिच्या मागे उभा होता. खिशात मोजायची टेप होती आणि तिच्यावर त्याची मूठ घट्ट होती.

घरामागच्या उतारावरचं गवत आठ महिन्यांत खिडकीला लागलं होतं. आता ते वाळायला लागलं होतं आणि एक ठिणगी पुरली असती. भाड्याने माणूस मिळेना. ज्या उतारावर या घरचा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तिथे पाय ठेवायला जो तो नाही म्हणत होता. शेवटी एका सकाळी भांडी विसळता विसळता सून म्हणाली, "मी चालवीन." जुना ट्रॅक्टर तर भंगारात गेला होता. म्हणून आज दोघं दुकानात आली होती.

"गवत कापा, फांद्या ओढा, माती भरा, सगळी कामं करतो हा," विक्रेता म्हणाला. "बारका दिसतो, पण गडी कामाचा आहे. उतार आहे का, ताई, तुमच्याकडे?"

"आहे. आमचे हे उतारावरच गेले." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "ट्रॅक्टर कडेकडेने न्यायचे. घाई नडली त्यांची."

म्हाताऱ्याने नेहमीसारखी मान हलवली. आठ महिने तो या वाक्याला मान हलवत आला होता. मेलेल्या माणसाला बोल लावला तर तो उलटून बोलत नाही, आणि या सोयीवर म्हाताऱ्याने आठ महिने काढले होते. त्याची त्याला लाज वाटत होती, पण तोंड काही उघडत नव्हतं.

"मग ही कमान बघा," विक्रेत्याने सीटच्या मागच्या जाड लोखंडी कमानीवर थाप मारली. "ट्रॅक्टर उलटला तरी सगळा भार हिच्यावर येतो. पट्टा बांधलेला असला की माणूस सुखरूप."

म्हाताऱ्याने कमानीला हात लावला. लोखंड गार होतं. खाली दोन्ही बाजूंना दोन दोन बोल्ट होते. जुन्या ट्रॅक्टरलाही एवढेच होते. ते त्याने स्वतःच्या हाताने सोडवले होते.

"टेप द्या, बाबा," सून म्हणाली.

त्याने टेप दिली. तिने जमिनीपासून कमानीच्या टोकापर्यंत माप घेतलं आणि हातातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. चिठ्ठीवर शेडच्या दाराची उंची होती. तिचा चेहरा उतरला.

"चार बोटं जास्त होतेय. दारातून जायचा नाही."

"त्यात काय एवढं!" विक्रेत्याला हुरूप आला. "काढून ठेवायची कमान. पुष्कळ लोक तेच करतात. मीच काढून देतो, अर्ध्या तासाचं काम."

"बरं, मग काढूनच द्या," असं म्हणून ती टेबलाकडे वळली आणि सही करायला पेन उचललं.

"नको," म्हातारा म्हणाला.

"का, बाबा?"

"कमान राहू दे. आपण दार वाढवू."

"आता? गवत वाळून कडकडीत झालंय आणि तुम्ही गवंडी शोधत बसणार?"

"एका दिवसाचं काम आहे. वरची फळी काढायची, दोन विटा कमी करायच्या."

"एका दिवसाचं होतं, तर इतकी वर्षं का नाही केलं?"

तिने हे सहजच विचारलं होतं. पेन अजून तिच्या हातात होतं. हो म्हटलं की सही होणार होती, अर्ध्या तासात बोल्ट निघणार होते, आणि उद्या सकाळी ती त्या उतारावर चढणार होती. म्हाताऱ्याने ट्रॅक्टरचा मडगार्ड धरला.

"जुन्यालाही होती," तो म्हणाला.

"काय?"

"कमान. तू घरात यायच्या आधी मीच काढली. दाराला चार बोटं अडत होती म्हणून. त्याने दोनदा सांगितलं, बाबा, परत लावू या. मी म्हटलं, बघू, पावसाळा होऊ दे." तो थांबला. "त्याची घाई नव्हती, पोरी. कडेनेच जावं लागतं तिथे. मीही कडेनेच जायचो."

विक्रेता कुठे बघावं ते न कळून टायरकडे बघत राहिला. सुनेने पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळत खाली पडलं, पण कुणी उचललं नाही.

तिने विचारलं, "मग ती कमान कुठंय? भंगारात तर नाही ना दिली तुम्ही?"

"शेडच्या मागे. भिंतीला टेकवून ठेवलीय." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "तू जिच्यावर कपडे वाळत घालतेस ना, तीच."