दोनच कारणं

कांदा चिरता चिरता बाबा चक्क ताना घेत होते. आई गेल्यापासून त्यांनी साधं गुणगुणलंही नव्हतं!

"बाबा, वर्गात तुम्हीच शिकवायचात ना, पक्षी दोनच कारणांसाठी गातात?" मी विचारलं. "हद्द सांगायला, नाहीतर जोडीदाराला बोलवायला."

"हो. मग?"

"घर आपलंच आहे. हद्दीचं तर भांडण नाही."

बाबांचे कान लालबुंद झाले. तेवढ्यात बेल वाजली आणि ते सुरीसकट दाराकडे धावले.

बाबांबरोबर टेकडीवर पक्षी बघायला जाणाऱ्या चारुशीलाबाई दारात उभ्या होत्या. "अहो सर, गाणं पार गेटपर्यंत ऐकू येतंय!"

"कांदेपोहे दोघांपुरतेच आहेत, मी निघते," म्हणत मी चपला अडकवल्या आणि शीळ घालत जिना उतरले. दोन्हींपैकी एकही कारण नसताना.